‘अशी मुलं फार जगत नाहीत’: हे वाक्य एकदा तपासून पाहू

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत एका घरी भेटायला गेलो होतो. त्यांचा डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असल्यानं येणारी बौद्धिक अक्षमता) असलेला मुलगा वारला होता. वय 34. न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. बसलेल्यांपैकी एक आजोबा त्याच्या आईला धीर द्यायला म्हणाले, "अशी मुलं फार जगत नाहीत हो. देवानं त्यांना तेवढंच दिलेलं असतं." आईनं मान हलवली. बाकी कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

माझा धाकटा भाऊ 41 वर्षांचा आहे. त्यालाही बौद्धिक अक्षमता आहे. आजोबांचं ते वाक्य घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून मी वाचायला लागले. या प्रश्नाचा सगळ्यात बारीक तपास इंग्लंडमध्ये झालाय, त्यामुळे पुढचे बरेच दाखले तिथले आहेत. वाचून जे कळलं ते थोडक्यात असं: ही माणसं कमी जगतात हे खरं आहे. पण त्या कमी झालेल्या वर्षांपैकी पुष्कळशी वर्षं देवानं नाही, दवाखान्यानं कमी केलेली आहेत.

आधी शब्दाचा घोळ मिटवू

इंग्लंडमधल्या बातम्यांत ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ असा शब्द येतो. आपल्याकडे तो ऐकला की डिस्लेक्सिया आठवतो, म्हणजे मूल हुशार असतं पण अक्षरांशी झगडतं आणि बोर्डाच्या परीक्षेत त्याला जादा वेळ मिळतो. ब्रिटनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. आपण ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतो तिला तिकडे लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात. नवी गोष्ट समजायला, शिकायला, रोजचे व्यवहार एकट्यानं करायला लहानपणापासूनच जड जाणं, ही ती अवस्था. ‘मतिमंद’ हा जुना शब्द अजून शाळांच्या पाट्यांवर दिसतो. मी तो वापरत नाही, कारण माझ्या भावाला तो कळतो आणि लागतो.

ही अवस्था म्हणजे आजार नव्हे, वेडही नव्हे, आणि ती ‘बरी’ करणारं औषध नाही. शिवाय यात माणसं एकसारखी नसतात. कुणी एकटा लोकल पकडून कामाला जातो, तर कुणाला घासही भरवावा लागतो. 2011 च्या जनगणनेत देशात अशा सुमारे 15 लाख माणसांची नोंद झाली. ज्या घरांनी दाराशी आलेल्या माणसाला काही सांगितलं नाही, ती यात धरलेली नाहीत.

किती वर्षं कमी?

ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटानं 2010 ते 2012 या काळात नैऋत्य इंग्लंडमधल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या 247 जणांच्या मृत्यूंचा एकेक करून तपास केला. घरच्यांशी बोलून, केसपेपर चाळून, शेवटच्या काही महिन्यांत नेमकं काय घडलं ते जुळवलं. 2013 मध्ये निष्कर्ष आले. हे पुरुष इतर पुरुषांच्या मानानं साधारण 13 वर्षं लवकर गेले होते आणि बायका 20 वर्षं. चांगले उपचार मिळाले असते तर टळले असते असे मृत्यू यांच्यात 37 टक्के होते. बाकीच्या लोकसंख्येत हेच प्रमाण 13 टक्के होतं.

त्यानंतर तिथे अशा माणसांच्या मृत्यूंचा नियमित आढावा घ्यायला सुरुवात झाली. 2021 च्या आढाव्यात जवळजवळ निम्मे मृत्यू, 49 टक्के, टाळता येण्याजोगे होते. इतरांमध्ये 22 टक्के. दहापैकी सहाजण वयाची पासष्टी गाठण्याआधीच गेले होते. इतरांमध्ये असा दहात एक असतो.

हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नये. इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यात बिल येत नाही. गरीब होते, पैसे नव्हते म्हणून गेले, असं तिथे म्हणता येत नाही. दवाखाना होता, डॉक्टर होता, उपचार फुकट होते. तरी माणूस गेला. मग वाटेत अडलं कुठे?

टेलच्या शेताला पाणी का पोचत नाही

कॅनॉलवर ज्यांची शेती आहे त्यांना हे सांगायला नको. धरणात पाणी भरपूर असतं, पाळीही सुटते, पण प्रत्येक वळणावर थोडं मुरतं, थोडं फुटतं, थोडं कुणी वळवून घेतं. टेलच्या, म्हणजे कॅनॉलच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ओलावासुद्धा येत नाही. कुणी एकानं त्याचं पाणी तोडलं असं दाखवता येत नाही, पण पीक त्याचंच जळतं.

उपचाराचंही तसंच आहे. पोटात दुखतंय हे आधी स्वतःला कळावं लागतं. मग ते सांगता यावं लागतं. घरच्यांना वा आश्रमातल्या काळजीवाहूला ते ओळखता यावं लागतं. त्यांनी रजा काढून दवाखान्यात न्यावं लागतं. तिथल्या गर्दीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, अनोळखी माणसांत तासभर बसून राहावं लागतं. डॉक्टरनं हात लावू द्यावा लागतो. रक्त काढू द्यावं लागतं. सोनोग्राफीला स्थिर झोपावं लागतं. नंतर गोळ्या वेळेवर घेऊन पुन्हा दाखवायला जावं लागतं. तुम्हीआम्ही या सगळ्या पायऱ्या न मोजता चढतो. माझ्या भावासाठी यातली प्रत्येक पायरी म्हणजे एक फुटलेली चारी आहे.

भिंतीची ओल आणि आतला पाइप

सगळ्यात जास्त पाणी मात्र एकाच ठिकाणी मुरतं, आणि ते ठिकाण डॉक्टरच्या डोक्यात असतं.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली की आपण म्हणतो, पावसाळाच आहे, येणारच. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधीकधी भिंतीच्या आत पाइप फुटलेला असतो आणि पावसाच्या नावाखाली आपण चार महिने भिंत कुजू देतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचं असंच होतं. तो ओरडायला लागला, जेवेनासा झाला, सुस्त पडला, झोपेत ओलं करायला लागला, की उत्तर आधीच तयार असतं: ‘त्याच्या त्या प्रॉब्लेममुळे.’ वैद्यकशास्त्रात याला नाव आहे, त्याचा मराठीत अर्थ होतो ‘निदानावर पडलेली सावली’. अपंगत्वाची सावली एवढी मोठी पडते की तिच्याखालचा साधा आजार दिसत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 1982 साली हा शब्द आणला. त्यांनी तज्ज्ञांना त्याच लक्षणांचं वर्णन वाचायला दिलं, फक्त काहींच्या कागदावर रुग्णाला बौद्धिक अक्षमता असल्याचं लिहिलं. ते वाचलेल्यांना तोच त्रास कमी गंभीर वाटला.

आमच्या घरी ही सावली 2017 साली पडली. भाऊ रात्री उठून स्वतःच्या उजव्या गालावर चापट्या मारायला लागला. भाकरी खाईना, दुधात कुस्करून दिली तरच दोन घास घ्यायचा. आई त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली. "डॉक्टर, याला काहीतरी दुखतंय." डॉक्टर म्हणाले, "काकू, अशा पेशंटमध्ये हे चालायचंच. वय वाढतं तसा हट्टीपणा वाढतो." तोंड उघडून पाहिलं नाही. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. भाऊ दिवसा पेंगायला लागला, पण रात्रीच्या चापट्या काही थांबल्या नाहीत.

सात आठवडे गेले. मग एका सकाळी आई त्याचे दात घासून देत होती, तेव्हा तिला घाण वास आला. मागची दाढ मुळापर्यंत किडून खाली पू झाला होता. ज्याला कधी दाढदुखी झालीय त्यानं विचार करावा, सात आठवडे, सांगता न येता. तो गालावर चापट्या मारत नव्हताच. तो आम्हाला जागा दाखवत होता.

बद्धकोष्ठानं कुणी मरतं का?

मरतं. 2012 साली इंग्लंडमध्ये इप्सविचच्या रुग्णालयात एक 33 वर्षांचा तरुण दाखल झाला. त्याला डाउन सिंड्रोम होता. पोट एवढं फुगलं होतं की शस्त्रक्रिया करून दहा किलो मळ काढावा लागला. तरी तो वाचला नाही. बद्धकोष्ठाचा त्रास त्याला लहानपणापासून होता आणि सगळ्यांना तो माहीत होता.

आपल्याकडे बद्धकोष्ठ म्हणजे इसबगोल आणि कोमट पाणी, घरातला विषय. पण अनेक वर्षं फिट्सच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्या, फारसं हिंडणंफिरणं नसलेल्या, पाणी मागून न पिणाऱ्या माणसाच्या आतड्याची हालचाल मंदावत जाते. साठलेला मळ वर दाबतो, भूक जाते, उलटी होते, ती श्वासनळीत जाते. कधीकधी तर जुलाब होतायत असं वाटतं, कारण घट्ट झालेल्या मळाच्या बाजूनं पातळ पाणी झिरपतं, आणि घरचे जुलाब थांबवायचं औषध देतात. म्हणून जो स्वतः सांगू शकत नाही, त्याला संडासला कधी झालं हे कॅलेंडरवर फुली मारून ठेवणं हा किळसवाणा चोंबडेपणा नाही. ज्या घरात सांगणारा माणूस नाही, त्या घरात कॅलेंडरनं सांगायचं असतं.

दुसरा असाच घरगुती वाटणारा मारेकरी म्हणजे ठसका. गिळण्याचे स्नायू कमजोर असले की वरणभाताचा कण, चहाचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत उतरतो आणि फुप्फुसात न्यूमोनिया होतो. इंग्लंडच्या आढाव्यांमध्ये न्यूमोनिया हे मृत्यूच्या वरच्या कारणांत दिसतं. आपल्याकडे अजून कित्येक घरांत आडवं निजवून भरवतात. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घासांनी भरवलं आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू दिलं तर धोका कमी होतो. जेवताना रोज ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओला-घरघरता येत असेल, तर गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट असतात. हे बहुतेक पालकांना ठाऊकच नसतं, कारण स्पीच थेरपी म्हणजे फक्त बोलायला शिकवणं असा समज आहे.

गोळी देऊन गप्प बसवणं

ऑलिव्हर मॅकगोवन हे नाव आता इंग्लंडमधल्या प्रत्येक नर्सला माहीत आहे. अठरा वर्षांचा मुलगा, ऑटिझम, फिट्स आणि सौम्य बौद्धिक अक्षमता असलेला, खेळात तरबेज. 2016 मध्ये फिट्स येत होत्या म्हणून ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात दाखल झाला. मनोविकारावरची औषधं मला चालत नाहीत, आधी त्रास झालाय, देऊ नका, असं त्यानं स्वतः सांगितलं, आईवडिलांनीही सांगितलं. तरी त्यातलंच ओलान्झापिन नावाचं औषध दिलं गेलं. त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली, मेंदूला सूज आली, आणि नोव्हेंबरमध्ये तो गेला. घाबरून त्यानं जे वर्तन केलं त्याला मनोविकार समजलं गेलं होतं.

त्याच्या आईनं, पॉला मॅकगोवन यांनी, हा विषय सोडला नाही. 2022 च्या कायद्यानं इंग्लंडमधल्या आरोग्य आणि देखभाल संस्थांना आपल्या कर्मचाऱ्यांना बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझमबद्दल प्रशिक्षण देणं सक्तीचं झालं. त्यासाठी तयार झालेल्या प्रशिक्षणाला ऑलिव्हरचंच नाव आहे.

ही एकट्याची गोष्ट नव्हती. 2015 मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा अंदाज होता की बौद्धिक अक्षमता असलेली 30 ते 35 हजार प्रौढ माणसं मनोविकाराची किंवा नैराश्याची औषधं घेत होती, आणि त्यांना तो आजार असल्याची नोंदच नव्हती. आपल्या घरात अशी गोळी चालू असेल तर ती कधीच आपल्या मनानं एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं. पण डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायचा हक्क आहे: ही गोळी नेमकी कशासाठी? तिचा उपयोग होतोय हे कशावरून ठरवणार? आणि कमी कधी करून बघणार?

"पण त्यांचं शरीरच मुळात नाजूक असतं ना?"

आजोबांच्या वाक्याचं हे शिकलेलं रूप. यात तथ्य आहेच. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. थायरॉइड मंदावतं, ऐकू कमी येतं, स्मृतिभ्रंश लवकर गाठतो. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसतो ती अवस्था) छातीचे आजार, फिट्स जास्त. हे कुणी नाकारत नाही.

पण आता हे बघा. अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य 1983 साली 25 वर्षं होतं. आज ते साठीच्या आसपास आहे. त्या जादा गुणसूत्रात या चाळीस वर्षांत काडीचाही फरक पडलेला नाही. 21 व्या क्रमांकाचं गुणसूत्र तेव्हाही एक जास्त होतं, आजही तेवढंच जास्त आहे. बदललं ते आपलं वागणं. हृदयाच्या शस्त्रक्रिया यांच्यावरही करायच्या असतात हे मान्य झालं, मोठ्या कोंदट संस्थांतून मुलं घरी वाढायला लागली, छातीचा संसर्ग झाला की वेळेवर औषध मिळायला लागलं. ‘देवानं तेवढंच दिलंय’ म्हणून 1983 मध्ये सगळे हात बांधून बसले असते तर ते 25 चे 25 च राहिले असते.

शिवाय शरीर नाजूक असेल तर तपासण्या जास्त व्हायला हव्यात. होतं उलट. आमच्या ओळखीतली डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी पंचविशीत आळसावली, जाड झाली, केस गळायला लागले. ‘आता तिचं असंच’ म्हणत दोन वर्षं गेली. थायरॉइडची साधी रक्ततपासणी झाली आणि रोजच्या एका छोट्या गोळीनं ती पुन्हा आईबरोबर मंडईत जायला लागली.

कोविडनं जे उघडं पाडलं

मार्च 2020 मध्ये ब्रिटनच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शनात अतिदक्षता विभागात कुणाला घ्यावं हे ठरवायला एक मोजपट्टी सुचवली गेली: माणूस रोजची कामं स्वतः किती करतो? ही पट्टी म्हाताऱ्या, खंगलेल्या रुग्णांसाठी बनवलेली. पण तिच्यावर मोजलं तर माझा ठणठणीत भाऊसुद्धा ‘खंगलेला’ ठरतो, कारण शर्टाची बटणं त्याला लावून द्यावी लागतात. पालकांच्या संघटनांनी आरडाओरडा केला आणि काही दिवसांतच दुरुस्ती निघाली: बौद्धिक अक्षमता असलेल्यांना ही पट्टी लावू नका.

त्याआधीही काही केसपेपरांवर ‘हृदय बंद पडलं तर पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नये’ अशी नोंद आढळली होती, आणि कारणाच्या रकान्यात फक्त ‘डाउन सिंड्रोम’ किंवा ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ एवढंच लिहिलं होतं. जणू तो जीवघेणा रोगच आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत इंग्लंडमध्ये या माणसांचा मृत्युदर इतरांच्या निदान चौपट होता. 18 ते 34 या वयात तर तो तीसपट होता. लशीच्या रांगेत यांच्यातल्या पुष्कळशा जणांना पुढे घ्यावं हा निर्णय व्हायला फेब्रुवारी 2021 उजाडला.

"आपल्याकडे धडधाकट माणसालाच डॉक्टर मिळत नाही, यांचं काय घेऊन बसलात?"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवला जातो, आणि तो मला मान्य नाही. कारण आपण जे मागतोय त्याला बहुतेक वेळा पैसा लागतच नाही.

एसटी स्टँडवर गाड्या फक्त भोंग्यावर पुकारल्या तर ‘घोषणा सगळ्यांसाठी सारखीच आहे’ असं म्हणता येईल. पण ज्याला ऐकू येत नाही त्याची गाडी रोज चुकेल. त्याच्यासाठी एक फलक लावला तर इतरांचं काहीच जात नाही. दवाखान्यातल्या अशा फलकाला कायद्यात ‘वाजवी सोय’ म्हणतात. सकाळचा पहिला नंबर देणं. गर्दीत न बसवता बाहेर व्हरांड्यात थांबू देणं. दहाऐवजी वीस मिनिटं देणं. सुई टोचण्याआधी काय करणार ते सांगणं, दाखवणं. आईला शेजारी थांबू देणं.

आमच्या भावाची दाढ अशीच निघाली. दोन ठिकाणी ‘हा खुर्चीत बसणार का?’ म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी त्याला खुर्चीत बसवलंच नाही. पहिल्या दिवशी तो फरशीवर बसला, त्या पण खाली बसल्या, त्याच्या हातात छोटा आरसा दिला आणि स्वतःचे दात मोजून दाखवले. दुसऱ्या वेळी त्याचे मोजले. चौथ्या वेळी तो आपणहून खुर्चीत चढला. जास्तीचा खर्च शून्य.

आणि हे उपकार नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016, कलम 25 असं सांगतं की सरकारनं दिव्यांगांना घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत उपचार द्यावेत, सरकारी आणि खाजगी दोन्ही रुग्णालयांत अडथळ्याविना जाता यावं, आणि तपासणी-उपचारात त्यांना प्राधान्य मिळावं. रांगेत पुढे जायला लागलं की लोक बघतात, मला माहीत आहे. या कलमाची प्रत पर्समध्ये ठेवा.

आपल्याकडे खरं भगदाड अठराव्या वर्षी पडतं. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 2013 मध्ये त्याची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली होती. अंगणवाडीत, शाळेत पथकं येतात, जन्मतः दोष, विकासातले विलंब तपासतात. पण तो शून्य ते अठरा. अठरावं वर्ष उलटलं की मूल त्या यादीतून गळतं आणि पुढे त्याला वर्षातून एकदा बोलावून तपासणारी कुठलीही व्यवस्था नाही. इंग्लंडमध्ये या माणसांची वार्षिक तपासणी चौदाव्या वर्षीच सुरू करतात, ती नेमकी याच भगदाडासाठी. मूल बालरोगतज्ज्ञांच्या हातून सुटण्याआधी घरचा डॉक्टर त्याला ओळखायला लागलेला असतो. अशा किती जणांचं आयुष्य आपल्याकडे अकाली संपतं याची देशभर मोजणी होत नाही. मोजत नाही तोवर सगळे मृत्यू देवाच्या खात्यावर जातात.

"तिला काय कळतंय?"

फेब्रुवारी 1994 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं काढण्यात आली. त्यांना आजार नव्हता. पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखणं जमत नाही, हे कारण होतं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आजचा कायदा, कलम 10, सांगतो की मूल होण्याची क्षमता जाईल अशी कुठलीही शस्त्रक्रिया दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही.

मला यातून वेगळंच काहीतरी टोचतं. ज्या शरीरातून निरोगी अवयव काढायला एवढी तत्परता, त्याच शरीराची पुढे पन्नाशीत स्तनाच्या गाठीसाठी तपासणी करावी हे कुणाला सुचत नाही. ‘तिला काय करायचंय ते?’ पाळीत ती आडवी पडून रडते तर ‘तिचं नाटक’. बायका 20 वर्षं लवकर गेल्या, त्या आकड्यात मला हेही दिसतं.

संमती म्हणजे अंगठा नव्हे. चित्र दाखवून, दोनच पर्याय ठेवून, घाई न करता विचारलं तर आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ जणांना उत्तर देता येतं. जिथे खरोखरच येत नाही तिथे नॅशनल ट्रस्ट कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्व घेता येतं. अनेक आईवडिलांना वाटतं, मी आईच आहे, मला कागद कशाला. ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करताना मग अडतं.

आईच्या डोक्यातली फाइल

भावाचं सगळं आईला ठाऊक आहे आणि आई 74 वर्षांची आहे. इंग्लंडमध्ये बरीच घरं ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ नावाचा दोनतीन पानी कागद तयार ठेवतात, म्हणजे रात्री दोन वाजता अनोळखी नर्ससमोर माणूस एकटा पडला तरी ओळख सांगायला काहीतरी असतं. आम्ही तो मराठीत केला. आई सांगत गेली, मी लिहीत गेले.

चालू औषधं, ॲलर्जी, रक्तगट, यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) नंबर हे वर. निरामय विम्याचा नंबरही. ही नॅशनल ट्रस्टची योजना आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण देते, काढताना वैद्यकीय तपासणी मागत नाही, आणि ओपीडीचा खर्चही धरते. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, तेच लोक विसरतात.

वर्षातून एकदा करायच्या गोष्टींची ओळ वेगळी: वजन, रक्तदाब, साखर, थायरॉइड, डोळे, दात, आणि कानातला मळ. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. कान मळानं बंद झाल्यामुळे ‘आजकाल ऐकतच नाही, हट्टी झालाय’ असा शिक्का बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग खरी फाइल सुरू होते. ‘दुखलं की बोलत नाही, जिथे दुखतं तिथे चापट मारतो. पोटात दुखलं तर पंख्याखाली पालथा झोपतो. कुठल्याही प्रश्नाला आधी हो म्हणतो, म्हणून "दुखतंय का?" विचारलंत तर पुढे "दुखत नाहीये ना?" पण विचारा, दोन्हींना हो म्हणाला तर प्रश्न कळलेला नाही. रक्त डाव्या हातातून काढा. मागून हात लावू नका. माझ्याशी बोलण्याआधी त्याच्याशी बोला, त्याला नावानं हाक मारा.’

भाऊ समोर बसून ऐकत होता. आई थांबली तेव्हा त्यानं कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "चहा लिही." मी लिहिलं: तपासून झाल्यावर चहा, साखर जास्त. त्यानं बोट हलवलं नाही. "आत्या पण." आत्याचा फोन नंबर राहिलाच होता. तो लिहिला, कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच झेरॉक्स काढल्या, एक फ्रिजवर लावली आणि एक शेजारच्या काकूंकडे दिली.